हान्स अँडरसन : आत्मचरित्र हाती घेण्यापूर्वी

वर्गात हान्स ख्रिश्चन अँडरसनचे नाव काढले की प्रथम कोणाच्याच चेहऱ्यावर ओळख दिसत नाही. मग मी बदकांच्या थव्यात वाढलेल्या राजहंसाच्या पिल्लाची आठवण करून देतो, आणि सगळा वर्ग हसतो. गदिमांच्या गीतातून ते पिल्लू आपल्या घराघरांत आलेले आहे, आणि बालवाडीत हातवारे करून ते गाणे म्हटले नाही असा मराठी मुलगा विरळाच. ही कथा मुळात डेन्मार्कमधल्या एका चांभाराच्या मुलाने 1843 मध्ये लिहिली, आणि त्या पिल्लाच्या रूपाने त्याने स्वतःचीच हकिकत सांगितली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

यंदा अँडरसनचे आत्मचरित्र वर्गात वाचायचे ठरले आहे. ते वाचण्यापूर्वी त्याच्या आयुष्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे वाटले, म्हणून हा लेख. एरवी मी विद्यार्थ्यांना उलटा सल्ला देतो. आधी पुस्तक वाचा, प्रस्तावना नंतर. पण या पुस्तकाच्या बाबतीत तो सल्ला मोडावा लागतो. कारण एवढेच, की हा लेखक गोष्ट सांगण्यात पटाईत होता आणि स्वतःच्या आयुष्याचीही त्याने गोष्टच केली.

आत्मचरित्राचा ध्यास त्याला फार लवकर लागला. 1832 मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने एक आत्मवृत्त लिहून बाजूला ठेवले. ते हस्तलिखित त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, 1926 साली छापले गेले. 1847 मध्ये त्याच्या समग्र वाङ्‌मयाची जर्मन आवृत्ती निघाली, तिच्यासाठी त्याने दुसरे लिहिले, आणि मेरी हॉविट या बाईंनी त्याचे त्याच वर्षी इंग्रजी भाषांतर केले. 1855 मध्ये डॅनिश भाषेतले मोठे आत्मचरित्र आले, त्याचे नाव ‘माझ्या आयुष्याची परीकथा’. पुढे अमेरिकन आवृत्तीसाठी त्याने त्यात 1867 पर्यंतच्या हकिकतीची भर घातली. या परीकथेची भूमिका पहिल्याच पानावर स्पष्ट होते. आपले आयुष्य सुंदर आहे, सुखाचे आहे, आणि एखाद्या प्रेमळ हाताने आपल्याला सदैव योग्य वाटेवर ठेवले आहे, अशी त्याची श्रद्धा आहे. ही श्रद्धा खोटी होती असे मी म्हणणार नाही. परंतु परीकथेत जे बसत नाही ते त्याने कोठे ठेवले, हा प्रश्न मनाशी धरूनच हे पुस्तक वाचावे असे मला वाटते.

हान्सचा जन्म 2 एप्रिल 1805 रोजी फ्यून बेटावरील ओडेन्से या गावी झाला. (याच तारखेला 1967 पासून आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन पाळला जातो.) बाप जोडे शिवणारा, आई लोकांचे कपडे धुणारी. आईबापांचे लग्न मुलाच्या जन्मापूर्वी अवघे दोन महिने आधी झाले होते. पुस्तकात तुम्हांला एकच लहानशी खोली भेटेल. त्याच खोलीत बापाची हत्यारे, बिछाना, मुलाची झोपण्याची जागा, भिंतीवर चित्रे, आणि कामाच्या जागेवर पुस्तकांची एक फळी. बापाला शिकायची फार हौस होती, ती पुरी झाली नाही. तो मुलाला अरबी सुरस गोष्टी वाचून दाखवी, होल्बर्गची नाटके वाचून दाखवी, आणि त्याने आपल्या हातांनी मुलाला एक खेळण्यातले नाट्यगृह करून दिले होते. आईला वाचता येत नव्हते म्हटले तरी चालेल. तिचा भर देवावर आणि शकुन-अपशकुनांवर.

या भागातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. गावाबाहेरच्या एका जहागीरदारणीकडे कायमचा जोडे शिवणारा हवा होता. राहायला घर, बागेपुरती जमीन, गाईसाठी चराई असा सगळा थाट. नमुना म्हणून बाईने रेशमी कापड दिले आणि नाचाचे जोडे शिवून आणायला सांगितले. कातडे मात्र बापाचे स्वतःचे. घरातले सगळे दोन-चार दिवस त्या जोड्यांशिवाय दुसरे बोलत नव्हते. बाईने ते पायांत घालूनसुद्धा पाहिले नाहीत, आपले रेशीम वाया गेले एवढेच म्हणाली. तेव्हा हान्सच्या बापाने चाकू काढून तिच्यासमोर आपले कातडे कापून टाकले आणि रिकाम्या हाताने तो घरी परतला. पुढे अँडरसनच्या कथांत जोडे वारंवार येतात, ते कोठून येतात हे कळण्यासाठी समीक्षेचे मोठे ग्रंथ उघडावे लागत नाहीत.

नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क फ्रान्सच्या बाजूने होते. 1812 मध्ये बाप पैसे घेऊन दुसऱ्याच्या बदली सैन्यात गेला, लढाईचे तोंडही न पाहता खचलेल्या प्रकृतीने परत आला आणि 1816 मध्ये वारला. हान्स तेव्हा अकरा वर्षांचा होता. आजोबा वेडे होते. लाकडाच्या चमत्कारिक आकृत्या कोरून ते खेड्यापाड्यांत देत फिरत. गावातली पोरे त्यांच्या मागे ओरडत लागली की हा नातू जिन्याखाली लपून बसे, कारण आपण त्याच रक्तामांसाचे आहोत हे त्याला माहीत होते. वेडाची ही धास्ती त्याला जन्मभर पुरली. आजी वेड्यांच्या इस्पितळातल्या बागेचे काम पाही. तेथल्या सूत कातणाऱ्या म्हाताऱ्यांनी त्याला भुताखेतांच्या आणि राजाराण्यांच्या गोष्टी सांगितल्या. जगातल्या मुलांनी पुढे ज्या गोष्टी ऐकल्या त्यांतल्या काहींचा उगम असा इस्पितळातल्या कातकामाच्या खोलीत आहे.

1819 मध्ये धर्मदीक्षेच्या दिवशी त्याला आयुष्यातले पहिले बूट मिळाले. लोकांना दिसावेत म्हणून त्याने विजार बुटांच्या आत खोचली. चर्चमधून चालताना ते करकर वाजत होते, आणि ते नवे असल्याचे सगळ्यांना ऐकू जाते आहे याचा त्याला आनंद होत होता. देवाच्या दारात आपले लक्ष बुटांकडे आहे म्हणून त्याला लाजही वाटत होती. ‘तांबडे बूट’ ही त्याची 1845 ची कथा ज्यांनी वाचली असेल त्यांनी हे पान सावकाश वाचावे.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हा चौदा वर्षांचा मुलगा साठवलेले तेरा रिग्सडालर घेऊन कोपनहेगनला निघाला. आईने आधी एका जाणत्या म्हातारीला बोलावून कॉफीच्या गाळावरून आणि पत्त्यांवरून भविष्य पाहून घेतले होते. पोरगा मोठा होईल आणि एक दिवस त्याच्यासाठी ओडेन्से गाव दिव्यांनी उजळेल, असे म्हातारी म्हणाली. आई रडली आणि तिने परवानगी दिली. हे भविष्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याशी गाठ आहे.

राजधानीतली पहिली तीन वर्षे पुस्तकात फार रंगून आली आहेत. ती वाचताना तुम्ही हसाल. ओळखदेख नसताना तो एका प्रसिद्ध नर्तिकेच्या घरी गेला, बूट काढले, हॅटची डफली केली आणि तिच्या दिवाणखान्यात नाचू-गाऊ लागला. बाईंना वाटले, वेडा आहे. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी सांगितले की तू नाटकासाठी फार हडकुळा आहेस. याने उलट सांगितले की शंभर डालर पगार द्या, लगेच जाडा होतो. सिबोनी नावाच्या इटालियन गायकाने त्याला शिकवायला घेतले, वायसे या संगीतकाराने त्याच्यासाठी वर्गणी जमवली, पण काही महिन्यांतच वयानुसार आवाज फुटला आणि गाणे संपले. नाचाच्या शाळेतही निभाव लागला नाही. मग नाटके लिहिली, ती नाकारली गेली. उपाशीपोटी दिवस काढणे म्हणजे काय ते या पानांत आहे, परंतु ते असे सांगितले आहे की उपाशी मुलापेक्षा विदूषकच आपल्या डोळ्यांपुढे राहतो. त्याचे हे कसब ओळखून वाचावे.

1822 मध्ये राजनाट्यगृहाचे एक संचालक योनास कोलीन यांनी राजाच्या निधीतून पैसे मिळवून त्याला स्लागेल्से येथील शाळेत घातले. सतरा वर्षांचा हा लांबलचक मुलगा अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या बाकावर बसला. मुख्याध्यापक माइस्लिंग ग्रीक-लॅटिनचे पंडित होते, पण चारचौघांत मुलाचा पाणउतारा करणे हीच त्यांची अध्यापनपद्धती होती. पुढे ते हेल्सिंगोरला गेले तेव्हा त्यालाही सोबत नेले. हॅम्लेटचे एल्सिनोर ते हेच गाव. तेथे मरणाऱ्या मुलावर लिहिलेली त्याची कविता मुख्याध्यापकांच्या कानी गेली आणि त्यांनी तिच्या चिंध्या केल्या. ही हकिकत कोलीनना समजली तेव्हा, 1827 मध्ये, त्यांनी त्याला शाळेतून काढून घेतले. जगप्रसिद्ध झाल्यावर, म्हातारपणीसुद्धा, अँडरसनला माइस्लिंगची स्वप्ने पडत आणि तो दचकून उठे. आम्हा शिक्षकमंडळींनी हे प्रकरण दरवर्षी जूनमध्ये एकदा वाचावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

1829 पासून नाव होऊ लागले. इटलीच्या प्रवासानंतर 1835 मध्ये ‘इंप्रोव्हिझाटोर’ ही कादंबरी आली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात चार गोष्टींची एक पातळ पुस्तिका. ‘चकमकपेटी’ आणि ‘राजकन्या आणि वाटाणा’ या गोष्टी तिच्यातच होत्या. टीकाकारांना त्या रुचल्या नाहीत. एक तर त्यांत तात्पर्य नव्हते, आणि दुसरे म्हणजे त्या बोलण्याच्या भाषेत लिहिल्या होत्या. लिहायची भाषा वेगळी आणि बोलायची वेगळी हा दंडक डॅनिशमध्येही होताच. अँडरसनने तो मोडला. आजीबाई सांगते तसे त्याने कागदावर सांगितले, मध्येच थांबून, मध्येच हुंकार देऊन. त्याच्या भोवतालच्या मंडळींपैकी एकानेच हे ओळखले, आणि तेही साहित्यिक नव्हते. विद्युत्‌प्रवाह आणि चुंबक यांचा संबंध शोधून काढणारे शास्त्रज्ञ एर्स्टेड ते. कादंबरीने तू प्रसिद्ध होशील, पण अमर होशील या गोष्टींमुळे, असे त्यांनी त्याला सांगितले होते. अँडरसनला स्वतःला तेव्हा ते पटले नव्हते. पुढे त्याने दीडशेहून अधिक कथा लिहिल्या. 1843 पासून तर पुस्तकाच्या नावातले ‘मुलांसाठी सांगितलेल्या’ हे शब्दही त्याने गाळून टाकले.

आता पुस्तकात नसलेल्या गोष्टींकडे येतो.

त्याच्या आईला लग्नापूर्वी एक मुलगी झाली होती, कारेन मारी. जन्म 1799 चा, म्हणजे हान्सहून सहा वर्षांनी मोठी. ती त्या सुंदर खोलीत वाढली नाही. आत्मचरित्रात तिचा उल्लेख नाही. भावाचे नाव युरोपभर झाल्यावर, 1842 मध्ये, कोपनहेगनमध्ये गरिबीत राहणाऱ्या या बहिणीने त्याच्याशी संपर्क साधला. ती अशी कधीतरी दारात येऊन उभी राहील आणि सगळे उघडे पडेल ही भीती त्याला कित्येक वर्षे होती. त्याने ती ज्याच्याबरोबर राहत होती त्या मजुराची आणि तिची भेट घेतली, काही पैसे दिले. हे आपल्याला कळते ते त्याच्या खासगी रोजनिशीमुळे. 1846 मध्ये बहीण वारली. तिच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी लिहिलेल्या ‘तांबडे बूट’ या कथेतल्या, नाचता नाचता पाय तोडून घ्यावे लागलेल्या मुलीचे नाव कारेन आहे.

आणि आई. पुस्तकात आई प्रेमळ, श्रद्धाळू, मुलासाठी झिजणारी अशी आहे आणि ती तशी होतीही. तिच्या अखेरच्या वर्षांविषयी मात्र पुस्तक फारसे बोलत नाही. गारठ्यात नदीच्या पाण्यात तासन्‌तास उभे राहून कपडे धुणाऱ्या बायका ऊब यावी म्हणून दारूचा घोट घेत, तशी तीही घेई. त्या घोटाचे पुढे व्यसन झाले. ऑक्टोबर 1833 मध्ये ओडेन्सेच्या अनाथगृहवजा धर्मशाळेत ती वारली. ही बातमी कळली तेव्हा मुलगा रोममध्ये होता. थोरल्या कोलीनचे पत्र आले तेव्हा, तिचे हाल संपले याबद्दल त्याने प्रथम देवाचे आभार मानले.

पण वीस वर्षांनी, 1852 च्या सुमारास, त्याने ‘ती टाकाऊ होती’ ही कथा लिहिली. धोबीण बाई नदीत उभी आहे, तिचा मुलगा खिशात बाटली लपवून तिच्याकडे चालला आहे, आणि खिडकीतून गावचा महापौर मुलाला सांगतो आहे की तुझी आई टाकाऊ आहे. कथेत शेवटी ती मरते, आणि तिच्या मुलाला एक गरीब शेजारीण निक्षून सांगते की तसे नव्हते. ही कल्पना आपल्याला आईच्या एका बोलण्यातून सुचली, असे अँडरसनने नोंदवून ठेवले आहे. लहानपणी कोणीतरी अशाच एका धोबिणीला नावे ठेवत होते, तेव्हा आईने तिची बाजू घेतली होती. आत्मचरित्रात जे सांगायची त्याची छाती झाली नाही ते त्याने असे परक्या बाईच्या नावावर सांगून टाकले.

दुसरे उदाहरणही आईचेच आहे. लहानपणी तिला घरच्यांनी भीक मागायला हाकलले, तिला ते जमेना, म्हणून ती दिवसभर पुलाखाली रडत बसली, ही हकिकत पुस्तकात आहे. तीच मुलगी पुढे ‘काडेपेटीवाली’ झाली असे मानले जाते. ती कथा 1845 मध्ये एका ड्यूकच्या राजवाड्यात पाहुणा असताना त्याने लिहिली. प्रकाशकाने तीन चित्रे पाठवून त्यांतल्या एकावर गोष्ट मागितली होती. त्याने निवडले ते काड्या विकणाऱ्या मुलीचे.

प्रवेश-अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहायची एक ओळ असते. अर्ज तपासताना ती ओळ कोरी सोडलेले किंवा खोडून पुन्हा लिहिलेले कितीतरी अर्ज माझ्या हातून गेले आहेत. मी स्वतः महाविद्यालयात गेलो तेव्हा ती ओळ कशी भरली होती ते मला आठवते, पण ते सांगायचे ठिकाण हे नव्हे. अँडरसनला ढोंगी म्हणण्याची घाई माझ्याने होत नाही, एवढेच.

त्याची खरी जखम कोलीनांच्या घरात शोधावी लागते. या घराने त्याला मुलासारखे वागवले, पण अगदी मुलगा केले नाही. योनास कोलीनचा मुलगा एडवर्ड त्याच्या बरोबरीचा, त्याचा सर्वांत जवळचा मित्र. आपल्या मराठीत ‘अरे’ आणि ‘अहो’ असतात तसे डॅनिशमध्ये दोन शब्द आहेत. 1831 मध्ये अँडरसनने एडवर्डला विनंती केली की आपण आता एकमेकांना अरे-तुरे म्हणू या. एडवर्डने सभ्यपणे, सविस्तर कारणे देऊन नकार दिला. आपले हिशेब पाहणाऱ्या, आपली हस्तलिखिते तपासणाऱ्या मित्राला अँडरसन अखेरपर्यंत ‘अहो’च म्हणत राहिला. सोळा वर्षांनी त्याने ‘सावली’ ही कथा लिहिली. तीत एका विद्वानाची सावली त्याला सोडून जाते, श्रीमंत होऊन परत येते, आणि मला अरे-तुरे करू नका असे आपल्याच मालकाला बजावते. ही कथा मुलांची नाही, पण त्याच्या सर्व कथांत मला तीच सर्वांत श्रेष्ठ वाटते.

प्रेमाच्या बाबतीत त्याच्या हाती काहीच लागले नाही. गायिका येनी लिंडवर त्याचा जीव जडला, तिने त्याला भाऊ मानले. लग्न झाले नाही, घरही झाले नाही. भाड्याच्या खोल्या, हॉटेले आणि सरदारांचे वाडे यांत आयुष्य गेले. एकसष्टाव्या वर्षी त्याला स्वतःचा पलंग विकत घ्यावा लागला, तेव्हा हा आपल्याला जागेला बांधून टाकणार म्हणून तो घाबरला. आगीच्या भीतीने तो प्रवासात बरोबर दोर बाळगी. जिवंत पुरले जाण्याच्या भीतीने, आपण फक्त मेल्यासारखे दिसतो आहोत अशी चिठ्ठी उशाशी ठेवून झोपे. 1857 मध्ये डिकन्सकडे दोन आठवड्यांसाठी गेला आणि पाच आठवडे राहिला. त्यानंतर डिकन्सने पत्रे पाठवणे बंद केले, आणि आपले काय चुकले हे अँडरसनला कधीच कळले नाही. गोष्ट सांगता सांगता मोठ्या कात्रीने कागद कापून नर्तकी, राजहंस आणि फासावरची माणसे करण्याचा मात्र त्याला छंद होता, आणि ती कातरकामे आजही जपून ठेवलेली आहेत.

4 ऑगस्ट 1875 रोजी, कोपनहेगनजवळ मेल्खिओर कुटुंबाच्या घरी तो वारला. एडवर्ड आणि त्याची पत्नी पुढे त्याच्याच थडग्याशेजारी विसावली, पण काही वर्षांनी कोलीन घराण्याने त्यांना तेथून आपल्या कौटुंबिक दफनभूमीत हलवले. तेव्हापासून अँडरसन तेथे एकटाच आहे.

पुस्तक तेवढ्यापर्यंत येत नाही. ते 6 डिसेंबर 1867 पाशी, ओडेन्सेत थांबते. त्या दिवशी गावाने त्याला सन्माननीय नागरिक केले, शाळांना सुट्टी दिली, आणि रात्री गावभर दिवे लावले. म्हातारीचे भविष्य खरे ठरले. मशाली घेतलेल्या लोकांची मिरवणूक चौकात आली, त्याच्यासाठी रचलेले गीत गाऊ लागली. तो नगरभवनाच्या उघड्या खिडकीत उभा होता. त्याच दिवशी त्याची दाढ भयंकर ठणकत होती. थंड वाऱ्याची झुळूक आली की कळ मस्तकात जाई. हातात त्या गीताचा छापील कागद होता, आणि आता आणखी किती कडवी उरली आहेत हे तो मोजत होता. हे त्याने स्वतःच लिहिले आहे. एवढ्या जपून रचलेल्या परीकथेत ही दाढदुखी त्याने का राहू दिली असावी, ते आपण वर्गात त्या पानाशी पोहोचल्यावर बोलू.